गाव दिसते, नाव दिसत नाही

एखादा चित्रपट मनात घर करून राहिला की तो जिथे चित्रित झाला ती जागा एकदा डोळ्यांनी पाहून यावी, ही हौस आपल्या मंडळींत आता चांगलीच रुजली आहे. वाईला गेलेली माणसे मेणवलीच्या घाटावर 'स्वदेस'ची (2004) आठवण काढतात, बंगळूरला लेकीकडे गेलेली मंडळी रामनगरला 'शोले'चे खडक पाहून येतात. जाणकार समीक्षक या हौसेकडे जरा तुच्छतेने पाहतात. त्यांच्या मते चित्रपट ही कला आहे आणि जागा पाहणे हे पर्यटन. प्रस्तुत लेखकाला मात्र वाटते की डोळे उघडे ठेवून केली तर ही भेट हीदेखील एक प्रकारची समीक्षाच असते. चित्रपटाने त्या जागेकडून काय घेतले आणि तिला काय दिले, हा हिशेब चित्रपटगृहाच्या अंधारात नीटसा लागत नाही. तो तिथे जाऊन उभे राहिल्यावरच लागतो.

आपण सीमाभागातल्या माणसांनी तर हा हिशेब जरूर मांडायला हवा. बीदरच्या मैलूर भागातले एखादे मराठी घर घ्या. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दख्खनी आणि दूरदर्शन संचावर हिंदी. अशा घरातल्या मुलांना 'द डर्टी पिक्चर'मधले (2011) सुफी ढंगाचे प्रेमगीत तोंडपाठ असते, पण त्यात दिसणाऱ्या कमानी आणि घुमट आपल्याच बीदरचे आहेत, हे पुष्कळांना दुसऱ्या कोणी सांगावे लागते. यात मुलांचा दोष नाही. गाण्यात बीदर दिसते, पण बीदर म्हणून दिसत नाही. कथा मद्रासच्या चित्रसृष्टीतल्या एका नटीची. तिच्या प्रेमाच्या स्वप्नाला एक भव्य, जुनी, रिकामी जागा हवी होती आणि ती आपल्या गावाने पुरवली. ती जागा कुठली, कोणाची, हे विचारायचे कारण त्या स्वप्नाला नाही.

आता कोणी म्हणेल, गाण्यात काय गावाची पाटी लावायची? आक्षेप रास्त आहे. चित्रपट म्हणजे भूगोलाचे पुस्तक नव्हे. मेणवलीचा घाट 'स्वदेस'मध्ये उत्तर प्रदेशातले चरणपूर होतो, म्हणून तो चित्रपट वाईट ठरत नाही. 'शोले'चे (1975) रामगड तर खरे गावच नव्हते. बंगळूरपासून सुमारे 50 किलोमीटरवर असलेल्या रामनगरच्या डोंगरपायथ्याशी कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी ते उभे केले आणि काम संपल्यावर ते नाहीसे झाले. आज तिथे जाणाऱ्याला ठाकूरची हवेली सापडत नाही, पाण्याची टाकी सापडत नाही. सापडतात ते प्रचंड खडक आणि त्यांच्या कड्याकपारींत घरटी करणारी गिधाडे. 2012 साली त्या रामदेवर बेट्टाला गिधाडांचे अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली. गब्बरचा खडक शोधायला गेलेला रसिक मान वर करून गिधाड पाहतो, तेव्हा चित्रपटाला न दिसलेले रामनगर त्याला दिसते. तेवढ्याने 'शोले' लहान होत नाही. पण त्या खडकांना स्वतःचे नाव आहे आणि त्यांच्या आसऱ्याने जगणारे जीव आहेत, हे कळल्यावर पुढच्या वेळी तो चित्रपट निराळा दिसतो, एवढे खरे.

म्हणून प्रश्न नाव दिले की नाही, एवढाच नाही. शंकर नाग यांनी आर. के. नारायण यांच्या कथांवर 'मालगुडी डेज' ही मालिका केली, तेव्हा त्यांनी आगुंब्याला मालगुडी केले. 1986-87 च्या सुमारास दूरदर्शनवर ती पाहिलेली आपली पिढी अजून हळवी होऊन तिच्याविषयी बोलते. मालगुडी हे नाव काल्पनिक, आगुंबे हे नाव मालिकेत कुठे नाही. तरीही तिथले जुने घर, तिथला पाऊस, गल्लीतली ये-जा ही नुसती सजावट वाटत नाही. त्या घरात माणसे राहतात, असे प्रेक्षकाला पटते. पुढे शिवमोग्गा जिल्ह्यातले अरसाळू हे छोटे रेल्वे स्थानक मालगुडीचे संग्रहालय म्हणून सजवण्यात आले, ते याच ओढीतून. खोटे नाव देऊनही गावाचा मान राखता येतो, याचे हे चांगले उदाहरण.

मग फरक कशाने पडतो? माझी कसोटी साधी आहे. ती जागा काढून तिथे दुसरी ठेवली तर चित्रपटाचे काय बिघडते, ते पाहावे. काहीच बिघडत नसेल तर जागा केवळ पडदा म्हणून वापरलेली आहे. चित्रपटच लंगडा होत असेल तर ती जागा त्याच्या कथेतले एक पात्र आहे.

या कसोटीवर आपल्या बीदरचे दुसरे उदाहरण ठेवून पाहू. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एम. एस. सथ्यू यांनी यू. आर. अनंतमूर्ती यांच्या कथेवर 'बर' हा कन्नड चित्रपट केला. तोच हिंदीत 'सूखा' म्हणून आला. मराठी कानाला 'बर' म्हटले की सगळे ठीक आहे असे वाटते. कन्नडमध्ये त्याचा अर्थ दुष्काळ! दोन्ही भाषा घरात असणाऱ्यांनाच या शब्दातली क्रूर गंमत कळेल. दुष्काळी जिल्ह्याचा एक प्रामाणिक जिल्हाधिकारी आणि लोकांच्या तहानेवर आपापले डाव खेळणारे राजकारणी, असा त्याचा विषय. ती भूमिका अनंत नाग यांनी केली. मुंबईच्या मराठी रंगभूमीवरही वावरलेला हा नट आपल्याला परका नाही. या चित्रपटाचे चित्रण बीदर भागात झाले आणि त्यातली कोरडी जमीन आणि वाट पाहणारे चेहरे आपल्या ओळखीचे आहेत. 1972 चा दुष्काळ ज्यांच्या घरात अजून बोलला जातो, त्यांना तो कन्नड मुलखाचा की मराठी मुलखाचा, असा प्रश्न पडत नाही. 1956 पर्यंत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे आपल्याच बीदर जिल्ह्याचे तालुके होते. राज्यांची रेघ मारली गेली तरी पाऊस त्या रेघेला जुमानत नाही. 'बर'मधून ही जमीन काढून घेतली तर मागे उरते केवळ एक सरकारी फाइल.

असे असूनही आपल्या मुलांना गाणे माहीत आहे आणि 'बर' माहीत नाही. याचा दोष चित्रपटवाल्यांवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपण पाहुण्यांना अष्टूरच्या घुमटांकडे नेतो, तेव्हा नटनट्या कुठे उभ्या होत्या ते दाखवतो, फोटो काढतो आणि परततो. वीज पडून अर्धा ढासळलेला हुमायूनशहाचा घुमट तिथेच आहे. अहमदशहा वलीच्या कबरीच्या घुमटाला आतून सोन्या-शेंदराच्या रंगांची नक्षी आहे. त्याच्या उरुसाला हिंदू-मुसलमान दोघे जमतात आणि लिंगायत जंगमाचा त्यात मान असतो. कॅमेऱ्याला ती जागा रिकामी हवी होती. वास्तविक ती कधीच रिकामी नव्हती.

मराठीत ही कसोटी अव्वल उतरलेला अलीकडचा चित्रपट म्हणजे नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (2016). मंजुळे स्वतः करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांनी आपल्याच परिसरात कॅमेरा लावला आणि चित्रपट गाजल्यावर ती विहीर, ते वठलेले झाड पाहायला लोकांची रीघ लागली. या हौशी गर्दीचे मला एकच सांगणे आहे. करमाळ्याला जाऊन 'सैराट' अर्धाच पाहून होतो. उरलेला अर्धा आपल्या ओळखीच्या हैदराबादेत घडतो. गाव सोडून पळालेली आर्ची तिथल्या झोपडवस्तीत राहते, कारखान्यात काम धरते आणि हळूहळू तेलुगू शिकते. पाटलाच्या मुलीचा तोरा तिच्या बोलीत होता. ती बोली कामाला येईनाशी झाल्यावर तिला नवी भाषा एकेक शब्दाने कमवावी लागते. मराठी समीक्षेने जातीची बाजू भरपूर तपासली, ते योग्यच झाले. परंतु भाषेची ही बाजू आपल्यासारख्यांनीच सांगायला हवी, कारण कामासाठी हैदराबादेत गेलेली आणि तिथल्या बोलीत रुळलेली माणसे आपल्या घराघरांत आहेत.

याच कथेचा हिंदी 'धडक' (2018) पाहावा. गाव जाऊन उदयपूर आले, तळी आणि महाल आले, पळून जायला कोलकाता आले. सगळे देखणे आहे, पण जातीचा काटा बोथट झाला आहे आणि शेवटची ती भीषण शांतता पूर्वीइतकी छातीत रुतत नाही. कन्नड 'मनसु मल्लिगे'त (2017) तर नायिकाही तीच, रिंकू राजगुरू. आपल्याला दोन्ही चित्रपट भाषांतराच्या आधाराविना पाहता येतात, हे दुभाषिक घराचे भाग्य. शेजारी शेजारी ठेवून पाहिले की ध्यानात येते, कथा उचलून नेता येते, नटीही नेता येते, पण गावाची बोली आणि तिच्यातला माज उचलून नेता येत नाही.

तेव्हा या दिवाळीत पाहुणे आले तर त्यांना अष्टूरला जरूर न्यावे आणि गाणे कुठे चित्रित झाले तेही दाखवावे. रसिकांचा हा आनंद हिरावण्याचे कारण नाही. भिंतीवर नाव मात्र कोणी कोरू नये. आणि घरी परतल्यावर मुलांना घेऊन 'बर' किंवा 'सूखा' मिळवून पाहावा. आपल्या गावाचे रूप त्यांनी पडद्यावर पाहिलेच आहे. त्याची तहानही त्यांनी एकदा पाहावी.