एक कोटी बिया आणि एक पेटी

अमेरिकेतील आयडाहो राज्याच्या मकॉल गावात दुसरी-तिसरीच्या मुलांना शिकवणाऱ्या बार्बरा मॉर्गन यांची हकिकत बहुधा चिकाटीची कथा म्हणून सांगितली जाते. 'अंतराळातील शिक्षक' योजनेत १९८५ साली त्या क्रिस्टा मकॉलिफ यांच्या राखीव जोडीदार होत्या. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि मकॉलिफ गेल्या. मॉर्गन पुन्हा वर्गावर रुजू झाल्या. १९९८ मध्ये त्या अंतराळवीरांच्या तुकडीत दाखल झाल्या आणि ऑगस्ट २००७ मध्ये 'एंडेव्हर'मधून सुमारे १३ दिवसांचा प्रवास करून आल्या. या चिकाटीविषयी आम्हाला आदर आहेच; पण शिक्षकांनी तपासावे ते त्या उड्डाणातून वर्गापर्यंत काय पोचले, हे.

यानासोबत बॅसिलच्या सुमारे एक कोटी बिया गेल्या होत्या. परतल्यावर त्या शाळांना वाटण्यात आल्या आणि चंद्रावर रोपे वाढवता येतील अशी पेटी तयार करण्याचे आव्हान मुलांना देण्यात आले.

यातला बियांचा भाग आम्हाला दुबळा वाटतो. कोरडी बी सुप्तावस्थेत असते. तेरा दिवसांत तिच्यात डोळ्यांना दिसेल असा बदल होण्याची शक्यता फार थोडी. पण 'अंतराळातून आलेली' म्हटले की मुले चमत्कार शोधू लागतात. एखादे रोप दोन बोटे उंच वाढले की निष्कर्ष तयार! न गेलेल्या बिया तितक्याच संख्येने, त्याच मातीत, त्याच उजेडात लावल्याशिवाय त्या उंचीला काही अर्थ नाही. १९८४ ते १९९० या काळात टोमॅटोच्या सव्वा कोटी बिया एका उपग्रहावर जवळजवळ सहा वर्षे फिरत होत्या. तिथे निदान प्रश्नाला वजन तरी होते.

पेटीचा भाग मात्र उत्तम. चंद्रावर हवा नाही आणि रात्र आपल्या सुमारे चौदा दिवसांची. उजेड कोठून आणायचा? तेच पाणी पुन्हा कसे वापरायचे? चंद्राचे एक-षष्ठांश गुरुत्वाकर्षण काही वर्गात आणता येत नाही, म्हणून कशाची चाचणी घेता येईल आणि कशाची नाही, हे मुलांनाच ठरवावे लागते. असा निर्णय आपली पाठ्यपुस्तके मुलांवर क्वचितच सोपवतात.

यासाठी अंतराळातली बी कशाला हवी? आपण फालुद्यात घालतो तो सब्जा बॅसिलचाच भाऊबंद. वाण्याकडून आणावा, पन्नास बिया उजेडात आणि पन्नास अंधारात ओल्या टिपकागदावर ठेवाव्यात, आणि रोज किती उगवल्या ते मोजावे. पेटीला खोके, चंदेरी कागद आणि एक दिवा पुरतो. दिवा किती तास चालू ठेवायचा, यावर वर्गात भांडण झाले तर होऊ द्यावे.