बोलीचं नामांकन

गोव्यात २८ नोव्हेंबर २०२४ रोजी ५५ व्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा समारोप झाला, तेव्हा सर्वोत्कृष्ट वेब मालिकेचा पुरस्कार निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित ‘लंपन’ या मराठी मालिकेला मिळाला. हा विभागच नवा होता. आदल्या वर्षी, २०२३ मध्ये तो सुरू झाला आणि पहिला मान ‘पंचायत’च्या दुसऱ्या पर्वाने घेतला. हिंदीत वेब मालिकांवर जो पैसा ओतला जातो त्याच्या तुलनेत मराठीत फारच थोडा होता, आणि तरीही दुसऱ्याच वर्षी देशभरच्या मालिकांमधून मराठीची निवड झाली. त्या वेळी मराठी माणूस जिंकला याचा आनंद व्यक्त झाला आणि तो रास्तच होता. पण त्या निवडीत आणखी एक गोष्ट होती, तिची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. ‘लंपन’चं सगळं बळ तिच्या भाषेत आहे, आणि परीक्षकांपुढे ती आली म्हणून त्या भाषेचा विचार होऊ शकला. मराठीत रोज रात्री घराघरांत दिसणाऱ्या मालिकांच्या वाट्याला अशी संधी जवळजवळ येतच नाही. आपल्या मालिकांना पुरस्कार भरपूर मिळतात. मिळत नाही ती परीक्षा.

‘लंपन’ची कथा प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या पुस्तकांतून आलेली. आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा, बेळगावकडचा सीमाभाग, आणि कानडीच्या शेजारात वाढलेली, हेल असलेली मराठी. संतांच्या लंपनला जे आवडतं, खटकतं, आश्चर्याचं वाटतं त्या सगळ्याला एकच ‘मॅड’ शब्द पुरतो, आणि कोणतीही गोष्ट किती वेळा झाली हे सांगताना तो अचाट आकडे ठोकतो. ही बोलण्याची ढब गेली की लंपन उरत नाही, चार चौघांसारखा एक शाळकरी मुलगा उरतो. गीतांजली कुलकर्णी आणि चंद्रकांत कुलकर्णी यांनी आजी-आजोबा उभे केले तेही आधी बोलण्यातून, मग चेहऱ्यातून. मालिका हे मुळात कानाचं माध्यम आहे, ही गोष्ट आपण विसरून गेलो आहोत. स्वयंपाकघरात भाकरी थापताना, जनावरांना वैरण टाकून आत येता येता माणसं मालिका पाहण्यापेक्षा ऐकतात जास्त.

आता आपल्या नेहमीच्या सोहळ्यांकडे पाहू. झी मराठीचा वार्षिक पुरस्कार सोहळा ‘उत्सव नात्यांचा’ या नावाने ओळखला जातो. स्टार प्रवाहने २०२१ पासून ‘परिवार पुरस्कार’ सुरू केले. दोन्ही नावांतच धोरण आहे: नाती आणि परिवार. विभाग पाहिले तर नायक, नायिका, खलनायक, खलनायिका यांच्याबरोबर सर्वोत्कृष्ट सासू, सून, जोडी, भावंडं, कुटुंब अशी मांडणी असते. वाहिनी स्वतःच्याच मालिकांना नामांकनं देते, स्वतःच्याच मंचावर सोहळा करते आणि तो सोहळा स्वतःच दाखवते. प्रेक्षकाला आपल्या लाडक्या माणसांना नटूनथटून एकत्र पाहण्याचं सुख मिळतं, आणि ते सुख कमी लेखण्याचं कारण नाही. मात्र हा घरचा समारंभ आहे. घरच्या समारंभात सुनेचं कौतुक होतं, तिच्या कामाची चिकित्सा होत नाही. महाराष्ट्र टाइम्स सन्मान, संस्कृती कलादर्पण यांसारखे बाहेरचे पुरस्कार मालिकांची दखल घेतात, त्यांचं मोल मोठं आहे. तरी वर्षभरात शेकडो भाग लिहिणाऱ्या संवादलेखकाचं, एखाद्या बोलीचा नेमका सूर राखणाऱ्या नटाचं काम कसोटीला लावणारी, वाहिन्यांपासून स्वतंत्र आणि सर्वमान्य अशी एक जागा मराठीत उभी राहिलेली नाही. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत मालिका हा विभागच नाही.

बोलीच्या पारखीचे हे प्रश्न मुंबई-पुण्यात बसून फार टोचणार नाहीत. नातेपुत्यातून पाहिले तर टोचतात. पुणे-पंढरपूर मार्गावरचं हे गाव सोलापूर जिल्ह्याच्या अगदी कडेला आहे. धर्मपुरीला सातारा जिल्हा संपतो आणि माऊलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला येते. एका बाजूला शिखर शिंगणापूर आणि माणदेश, दुसऱ्या बाजूला माळशिरस, अकलूज, पंढरपूर. अशा गावाची बोली कुठल्याच एका शिक्क्यात बसत नाही. कोल्हापूरकडं मोठ्या माणसाला ‘कवा आलासा?’ विचारतात, सोलापूरकडं ‘कवा आलाव?’. माणदेशात ‘करतुया’ असतं, थोडं पूर्वेला सरकलं की ‘करायलाय’ होतं. कोल्हापूर-सांगलीकडच्या बायका स्वतःबद्दल ‘मी आलो’, ‘मी गेलो’ असं म्हणतात. ती त्या मुलखाची अस्सल खूण आहे. मालिकेतल्या गावात ही खूण फारशी ऐकू येत नाही. तिथं ‘ण’चा ‘न’ करणारी, प्रत्येक वाक्याला ‘वं’ आणि ‘की’ जोडणारी एकच सरसकट गावरान भाषा असते. ती साताऱ्याची म्हणावी तर साताऱ्याची, नगरची म्हणावी तर नगरची. खरं तर ती कुठलीच नसते.

गावाकडची मालिका आली कशी, हेही इथं लक्षात घ्यायला हवं. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेने २०१५ च्या अखेरीस ग्रामीण भाग मोजणीत घेतला. तोवर गावातला टीव्ही चालू असला काय नि बंद असला काय, जाहिरातदाराच्या हिशेबात त्याची नोंद नव्हती. त्यानंतर २०१६ मध्ये कोल्हापूरच्या मातीतली ‘तुझ्यात जीव रंगला’ आली, २०१७ मध्ये साताऱ्याच्या फौजी परंपरेवरची ‘लागिरं झालं जी’ आली. त्याच काळात ‘रात्रीस खेळ चाले’ने मालवणी आणि ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधल्या राधिकाने नागपुरी ढंग रोजच्या कानावर घातला. योगायोग म्हणून हे सोडून देता येणार नाही. गाव मोजलं गेलं म्हणून गाव दिसू लागलं, आणि हा बदल मी मनापासून चांगला मानतो. ‘आभाळमाया’पासून मराठी वाहिन्यांवर मध्यमवर्गीय शहरी दिवाणखान्याची जी सत्ता होती, ती या मालिकांनी मोडली. ‘तुझ्यात जीव रंगला’मधले ‘चालतंय की’ हे दोन शब्द राज्यभर पोचले. पण बोली विकली जाऊ लागली तरी ती पारखली गेली नाही. राधिकाचं नागपुरीपण किती खरं, मालवणी सगळ्यांना कळावी म्हणून किती पातळ केली, ‘लागिरं झालं जी’मधल्या चांदवडीच्या पोरांच्या तोंडी साताऱ्याचा हेल किती टिकला, हे कोणत्याही परीक्षकाने वाहिनीला विचारलेलं नाही. सर्वोत्कृष्ट जोडी ठरवताना त्या जोडीची भाषा कोणती, हा मुद्दा येतच नाही.

चित्रपटात तो येतो, आणि त्याचा पुरावा नातेपुत्याच्याच सोलापूर जिल्ह्यात आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’साठी सोमनाथ अवघडे या करमाळा तालुक्यातल्या मुलाला ६१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट बालकलाकाराचा मान मिळाला. ६३ व्या पुरस्कारांत ‘सैराट’साठी अकलूजच्या रिंकू राजगुरूचा विशेष उल्लेख झाला. अकलूज आणि नातेपुते एकाच माळशिरस तालुक्यातली. ‘सैराट’ एप्रिल २०१६ च्या अखेरीस प्रदर्शित झाला आणि पुरस्कार जाहीर झाले मार्चमध्ये. म्हणजे गर्दी व्हायच्या आधी, तिकिटबारीचा आकडा कुणाला माहीत नसताना, परीक्षकांनी त्या मुलीचं काम ओळखलं. तिच्या अभिनयातलं जे अस्सल होतं त्यातलं अर्धं तिच्या बोलण्यात होतं, नाटकीपणाचा लवलेश नसलेल्या तालुक्याच्या बोलीत. हीच मुलगी त्या वर्षी एखाद्या दैनंदिन मालिकेत आली असती तर तिचं यश मोजायला साप्ताहिक आकड्यापलीकडे दुसरं माप नव्हतं. याच पट्ट्यातल्या माणदेशाने व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ दिली आणि अमोल पालेकरांच्या चित्रपटाला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. साहित्यात आणि चित्रपटात या मुलखाला पारखी मिळाले. मालिकेत अजून नाहीत.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की दैनंदिन मालिका ही कलाकृती नाही, तो कारखाना आहे. आज लिहायचं, उद्या चित्रीकरण, परवा प्रक्षेपण; आकडा घसरला की कथानकाला कलाटणी. चित्रपट आणि आठ-दहा भागांची वेब मालिका यांच्या तागडीत ती टाकणं अन्याय होईल. हे म्हणणं अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच तिच्यासाठी निराळं माप हवं. अमेरिकेत दिवसा चालणाऱ्या रोजच्या मालिकांसाठी १९७४ पासून डेटाइम एमी पुरस्कार आहेत. त्यांत दैनंदिन मालिकेच्या लेखकांच्या चमूला आणि दिग्दर्शकांच्या चमूला वेगळा मान आहे, कारण ते काम एका माणसाचं नसतं हे तिथं मान्य आहे. ब्रिटनच्या बाफ्टानेही अशा मालिकांसाठी वेगळा विभाग ठेवला. रात्रीच्या मालिकांसाठीच्या एमीमध्ये नामांकन मिळालेल्या नटाची पारख त्याने निवडलेल्या एका भागावरून होते. वर्षाचे तीनशे भाग कोणी पाहायचे, या आपल्या अडचणीवरही असाच साधा तोडगा निघू शकतो. वेगात काम करणं म्हणजे कला नसणं, असं मराठी माणसाने तर म्हणूच नये. तमाशातला वग कितीदा ऐनवेळी रंगतो, कीर्तनकार समोरचा श्रोता पाहून आख्यान वळवतो.

शिवाय बाजारू म्हणून हिणवलेल्या कलेला परीक्षकांसमोर उभं केलं की काय होतं, ते याच तालुक्याने पाहिलं आहे. अकलूजला नव्वदच्या दशकात सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या स्मरणार्थ राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली. पार्ट्या आल्या, मंचावर उभ्या राहिल्या, त्यांच्या गायनाला, अदाकारीला, ढोलकीला गुण मिळू लागले. ज्या कलेकडे बैठकीतली दौलतजादा म्हणून पाहिलं जायचं, ती पाहायला घरंदाज बायका कुटुंबासह मंडपात येऊन बसू लागल्या. टाळ्या आणि शिट्ट्या त्याआधीही होत्याच, लोकप्रियता कधी कमी नव्हती. भर पडली ती कसोटीची, आणि कसोटीमुळे कलावंतीण स्वतःकडे कलावंत म्हणून पाहू लागली. मालिकेच्या लेखकाला आणि नटाला नेमकी हीच गोष्ट हवी आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्रेक्षकांच्या मतांवर ठरणारा पुरस्कार हा लोकांचा कौल आहे. परीक्षक आले की पुण्या-मुंबईची चार माणसं आपली आवड गावावर लादणार, आणि मग आडवळणाची, कमी पाहिली जाणारी मालिकाच दर वेळी जिंकणार. याचं उत्तर दोन भागांत द्यावं लागेल. प्रेक्षकांचा कौल असतो खरा, पण तो वाहिनीने पुढे ठेवलेल्या नावांपुरता. शिवाय प्रेक्षकाने तो एकदा दिलेलाच असतो, रोज ठरलेल्या वेळी टीव्ही लावून. आकडा त्याचाच, मतही त्याचंच, म्हणजे एकच माप दोनदा लावलं जातं, आणि ज्या गोष्टी त्या मापात मावत नाहीत त्या दोन्ही वेळा बाहेर राहतात. परीक्षक शहरी असतील ही भीती मात्र मला खरी वाटते. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या केंद्रांवर होतात, सोलापूरचंही केंद्र असतं, आणि हौशी मंडळं तिथं तावून सुलाखून निघतात. मालिकांची पारख करायची तर ती अशीच विखुरलेली हवी. बोलीच्या विभागासाठी तरी परीक्षक त्या बोलीच्या मुलखातलाच असला पाहिजे, ही अट मी सोडायला तयार नाही.

आणि पारख करू शकणारे कान या मुलखात आहेत. आषाढी वारीत पालखीचा मुक्काम पडतो त्या रात्री नातेपुत्यात मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोकण सगळीकडच्या दिंड्या उतरलेल्या असतात. पाण्याच्या टँकरपाशी, तंबूच्या दोरीपाशी, चहाच्या गाड्यावर एकाच वेळी ‘कवा आलाव’, ‘काय करून राहिले’, ‘खंय गेल्लास’ ऐकू येतं. चार वाक्यांत हा वारकरी परभणीकडचा की वाशिमकडचा, हे इथला चहावाला सांगतो. मालिकेतल्या मळ्यात उभी राहून नायिका ‘मी येते हं’ म्हणाली की ती त्या मळ्यातली नाही, हेही त्याला तेवढ्याच सहज कळतं. त्याला ते अजून कुणी विचारलेलं नाही.