कप्पा एक, कारणं दोन

कोपेनच्या हवामान-वर्गीकरणावर माझा आक्षेप एवढाच : ते परिणाम मोजतं, कारण विचारत नाही. सर्वांत उष्ण महिन्याची सरासरी २२ अंशांखाली, हिवाळा सौम्य, पाऊस बारमाही. झालं, लंडन आणि बोगोटा एकाच कप्प्यात! लंडनचा सौम्यपणा समुद्राचा आणि पश्चिमी वाऱ्यांचा. बोगोटाचा सुमारे २६०० मीटर उंचीचा. लंडनला जानेवारी-जुलैत सुमारे १३ अंशांचा फरक, बोगोटाला वर्षभरात जेमतेम १-२.

आल्प्स पूर्व-पश्चिम पसरलेला, म्हणून सागरी हवा जर्मनीपर्यंत आत शिरते. चिलीत अँडीज आडवा येतो, पट्टा चिंचोळा राहतो. कप्पा हे सांगत नाही. वर्गीकरण टाकून द्या, असं मी म्हणत नाही. पण नाव दिलं म्हणजे कळलं, असंही समजू नका.