कथेचे सूक्ष्मवाचन आणि ग्रामीण महाविद्यालयीन वर्ग : ‘धर्मा रामोशी’च्या संदर्भात

भाषेच्या अध्यापनात सूक्ष्मवाचन आणि स्थूलवाचन असा भेद केला जातो. ‘स्थूलवाचन’ हा शब्द बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांमुळे विद्यार्थ्यांच्याही परिचयाचा आहे. सूक्ष्मवाचन म्हणजे मात्र ‘कठीण शब्दांचे अर्थ’ एवढेच समजले जाते. महाविद्यालयीन वर्गात कथा बहुधा वाचली जात नाही, ती सांगितली जाते. कथानक, व्यक्तिरेखा, वातावरण, भाषाशैली या मथळ्यांखाली तिची वाटणी होते. उरलेले काम गाइड करते.

व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) मधील ‘धर्मा रामोशी’ या संदर्भात तपासण्याजोगी आहे. (ते व्यक्तिचित्र की कथा, हा वाद येथे बाजूला ठेवणे इष्ट, परीक्षेत तो पुरेसा विचारला जातो.) धर्माला धोतर दिले जाते, तरीही तो पूर्वीच्याच फाटक्या वेशात दिसतो. ते धोतर त्याच्या मुलीच्या अंगावर आहे, हे वाचकाला शेवटी कळते. सारांशात हे ‘धर्माचे अपत्यप्रेम’ होते आणि त्यावर गुणही मिळतात. परंतु लेखकाने ही गोष्ट उशिरा का सांगितली, हा प्रश्न सारांशातून नाहीसा होतो. मधल्या अवकाशात वाचकाच्या मनात धर्माविषयी संशय डोकावतो. धोतराचे त्याने काय केले असेल? विकले असेल काय? शेवट उलगडतो तेव्हा धर्माच्या दारिद्र्याबरोबर वाचकाचा हा संशयही उघडा पडतो. सूक्ष्मवाचनाचे खरे क्षेत्र हेच होय.

शहापूर-मुरबाडच्या वर्गात या संशयाला वेगळे वजन प्राप्त होते. कातकरी, ठाकूर, कुणबी, आगरी अशा समाजांतील मुले तेथे एकाच बाकावर बसतात. निवेदक शिकलेला आहे, देणाऱ्यांच्या बाजूचा आहे. विद्यार्थी कोणाच्या डोळ्यांनी धर्माकडे पाहतो, हे शिक्षकाने गृहीत धरू नये. ज्याच्या घरी जुने कपडे मागून आणले जातात, त्याला हा संशय कदाचित येणारच नाही. तो शेवट आधीच ओळखेल. हे वाचन चुकीचे ठरविणारे अध्यापन कथेवरही अन्याय करते.

माणदेशी बोली येथे परकी आहे, ही अडचण खरी. पण ती अतिशयोक्तीने मांडली जाते. तानसा, वैतरणा, भातसा यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात शहापुरातील अनेक पाडे टँकरची वाट पाहतात. तेथील विद्यार्थ्याला माणदेशाचा कोरडेपणा टीपांतून समजावून द्यावा लागत नाही. बोलीतील संवाद प्रमाण भाषेत ‘शुद्ध’ करून सांगण्यापेक्षा तेच वाक्य आपल्या घरी कसे म्हणतात, हे विचारणे अधिक फलदायी ठरते.

यासाठी दोन तासिका पुरतात. पहिली शेवटच्या उलगड्यापूर्वी थांबवावी, गाइड मिटलेले असावे आणि धोतराचे काय झाले असेल ते प्रत्येकाने चार ओळींत लिहावे. दुसऱ्या तासिकेत प्रथम त्या ओळी वर्गात वाचाव्यात आणि मगच कथेचा शेवट.