हसे कोणाचे?

दूरदर्शनवरील विनोदी मालिका पाहताना एक गोष्ट खटकते. आपण हसण्यापूर्वीच ध्वनिमुद्रित हास्याचा गडगडाट होतो. कोठे हसावे, हेही दुसराच ठरवितो. आणि हसे होते ते बहुधा दुबळ्याचे: लठ्ठाचे, तोतऱ्याचे, घरच्या मोलकरणीचे.

सत्यजित राय यांचा ‘महापुरुष’ (१९६५) हा ‘कापुरुष’च्या जोडीने प्रदर्शित झालेला बंगाली चित्रपट निराळी वाट धरतो. परशुराम यांच्या कथेवरील या प्रहसनातला बिरिंचीबाबा सूर्याला उगवण्याची आज्ञा देतो, प्लेटो-आइन्स्टाइनशी जुनी ओळख सांगतो. चारुप्रकाश घोष यांनी तो इतक्या गांभीर्याने रंगविला आहे, की हसू आपोआप फुटते. पत्नीच्या निधनाने खचलेला एक वकील या बाबाच्या नादी लागतो. त्याच्या भोळेपणाला राय चिमटा घेतात, दुःखाला मात्र हात लावीत नाहीत. हसे होते ते त्या दुःखावर पोट भरणाऱ्याचे.

येथे झगा घालणाऱ्या माझ्यासारख्याने सावरून बसावे. शोकाकुल माणूस आमच्याही दारी येतो. त्याला आम्ही सांत्वन देतो की नुसता रुबाब दाखवितो? वाचकहो, हा चित्रपट सहकुटुंब पाहा आणि मग आम्हा धर्मगुरूंकडेही जरा निरखून पाहा.