परक्याच्या हातचे पाणी : ‘स्मृतिचित्रे’चे एक वाचन

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी विद्यार्थ्यांना शिकवत आलो आहे. प्रस्थापित समीक्षेने आखून दिलेल्या वाटेनेच सुरुवातीला शिकवली. प्रांजळपणा, विनोद, टिळक पतिपत्नींचा विलक्षण संसार, घरगुती मराठीचा गोडवा हे मुद्दे फळ्यावर लिहायचे आणि तास संपवायचा. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, ह्या बाई ज्यांच्यात गेल्या, ती माणसं कोण होती?” माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहिला आहे.

मिशनच्या वाङ्मयाचा एक ठरलेला नायक असतो. तो विश्वासाच्या बळावर घर सोडतो, अनोळखी मुलखात जातो, परक्यांच्या दारी उभा राहतो. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकेहून १८१२ साली निघाले आणि १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. १८३१ साली याच मिशनचे ठाणे अहमदनगरला पडले. महिनोन्‌महिने समुद्रावर काढून, आप्तांची पुन्हा भेट होईल की नाही हे ठाऊक नसताना ही माणसे आली. त्यांच्या धैर्याला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु या वाङ्मयात चालणाऱ्याची पावले मोजली जातात. ज्याच्या दारी तो पोचतो, त्याला चेहरा नसतो. तो कापणीला आलेले पीक असतो.

आपल्या देशात हा प्रश्न आणखी अवघड होतो. अमेरिकन माणसाला महारवाड्यात यायला सात समुद्र ओलांडावे लागले. गावातल्या ब्राह्मणाला तेथे यायला दोनशे पावले पुरेशी होती. तरी ती दोनशे पावले शतकानुशतके कोणी टाकली नाहीत. तेव्हा परका कोण? दूरदेशीचा, की ज्याची सावली वर्ज्य होती तो शेजारी?

‘स्मृतिचित्रे’ या प्रश्नासमोर उभे करणारे मराठीतले फार थोड्या पुस्तकांपैकी एक आहे. १९३४ पासून त्याचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. त्याची सुरुवात वडिलांच्या सोवळ्याने होते, हे आमचे समीक्षक विनोदाचा नमुना म्हणून सांगतात. मला ते हसू येत नाही. नाना गोखल्यांचे ते सोवळे म्हणजे एका घरातला वेडेपणा नव्हे. सगळ्या गावाने शहाणपण म्हणून पाळलेला नियम त्यांनी टोकाला नेला, इतकेच. ज्या विटाळाच्या भीतीने त्या घरातल्या लेकरांचे हाल झाले, त्याच भीतीने गावाबाहेरच्या वस्तीचे आयुष्य गिळले.

पुढे नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मागे राहिल्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे नगरला आल्या, पण सोवळे बरोबर घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. नवऱ्याचा धर्म बदलला होता, बायकोची चूल बदलली नव्हती. पुढे राहुरीला त्या स्वतःशी विचार करीत करीत एका निष्कर्षाला येतात की, जात देवाने केली नाही, ती माणसाने केली. आणि मग कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवतात. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो यानंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. धर्मांतर आधी आणि जातिनिरास नंतर, असे येथे घडले नाही. लक्ष्मीबाईंनी आधी पाण्याची भीती टाकली, मग पाण्याने बाप्तिस्मा घेतला.

येशूने शिष्यांना गावोगाव पाठवले, तेव्हा थैली घेऊ नका, ज्या घरी जाल तेथे पुढे ठेवतील ते खा, असे सांगितले, अशी शुभवर्तमानात कथा आहे. प्रवचनकार यातून त्यागाचा बोध काढतात. मला यात दुसरेच दिसते. रिकाम्या हाताने जाणारा मनुष्य परक्याच्या भाकरीवर अवलंबून असतो. तो देणारा राहत नाही, घेणारा होतो. जातीच्या समाजात देणे सोपे आहे. वरून ओंजळीत पाणी ओतणारे सवर्णही देतच होते. शाळा देता येते, औषध देता येते, दुष्काळात धान्य देता येते, आणि देणाऱ्याचे स्थान जागच्या जागी राहते. घेणे मात्र कठीण. घेताना देणाऱ्याचा हात माणसाचा हात म्हणून मान्य करावा लागतो. लक्ष्मीबाईंचे पाऊल त्या कसोटीला उतरते, म्हणून त्यांचे पुस्तक मला जवळचे.

पण येथेच माझी तक्रारही सुरू होते. सोवळे सोडणारी बाई आपले मन उलगडून सांगते. जिच्या हातचे पाणी कधी कोणी घेतले नव्हते, तिला त्या दिवशी काय वाटले? ते पान मराठीत कोठे आहे? नगर जिल्ह्यात मिशनला मिळालेले बहुसंख्य लोक महार आणि मांग होते. खेड्यापाड्यांत शाळा चालवणारे, चावडीपुढे उभे राहून बोलणारे, घरोघर शास्त्र वाचून दाखवणाऱ्या बाया, यांत आपली माणसे होती. परक्यांच्या दारी जाण्याचा खरा धोका त्यांनी पत्करला. गोऱ्या साहेबाच्या पाठीशी सरकार होते, ब्राह्मण ख्रिस्त्याच्या पाठीशी विद्या होती. यांच्या पाठीशी काय होते? त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ कोणी लिहून घेतल्या नाहीत. नाही म्हणायला मिशनच्याच ‘ज्ञानोदया’त १८५५ साली मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मांग मुलीचा निबंध छापला गेला. तिने मात्र कोणाच्या उपकाराचे पोवाडे गायले नाहीत, धर्मालाच जाब विचारला.

तथापि, आपल्या माणसांचे गोडवे गाऊन मला थांबता येत नाही. आमचे घर १९५६ नंतर बौद्ध झाले. पण आईच्या आजोळी एक मिशनचे मास्तर होते. जन्माने महार. आजी सांगायची, मास्तर रोज दोन कोस चालून मांगवाड्यात शिकवायला जात. पावसात, चिखलात, गावकऱ्यांच्या शिव्या खात. पोरांना बाराखडी आणि प्रार्थना शिकवत. आणि जाताना पाण्याचा तांब्या घरून भरून नेत.

आजी हे कौतुकाने सांगायची. मास्तर किती जपून राहायचे म्हणून! मी लहान होतो, मलाही कौतुक वाटले. तो तांब्या काय होता हे मला एम. ए. झाल्यावर कळले. मास्तरांनी देव बदलला, गाव ओलांडले, मार खाल्ला. तांब्या खाली ठेवला नाही. ख्रिस्ती झाल्यावरही अस्पृश्यांमधली जात मोडली नाही, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. सरकारी कागदावर मात्र निराळेच. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतले. ख्रिस्ती झालेला महार-मांग आजही बाहेर आहे. सरकार म्हणते चर्चमध्ये जात नाही, आणि चर्चमधला माणूस जाणतो की ती आहे.

आणि आपण? विद्यार्थिदशेत मी चळवळीच्या कामासाठी एका मातंग वस्तीत गेलो होतो. तासभर क्रांतीवर बोललो. एका म्हातारीने चहा पुढे केला. मी म्हणालो, “आत्ताच झाला, मावशी.” झाला नव्हता. तिने कप मुकाट्याने मागे घेतला. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते, हे मला अजून टोचते. माझ्या हातात तांब्या नव्हता, पण मास्तरांचा तांब्या माझ्या जिभेवर होता.

म्हणून ‘स्मृतिचित्रे’ आता मी वेगळी शिकवतो. विनोद सांगतो, भाषा सांगतो. पण राहुरीच्या त्या प्रसंगाशी थांबतो आणि वर्गाला विचारतो, तुम्ही शेवटचे कोणाच्या घरचे पाणी नाकारले? वर्ग गप्प होतो. सवर्ण मुले गप्प होतात, आपलीही होतात. परक्यांपर्यंत पोचण्याच्या सगळ्या मोहिमांना, मग त्या क्रुसाच्या असोत, निळ्या झेंड्याच्या असोत वा लाल, मी एवढीच कसोटी लावतो. किती कोस चालून गेलात, किती वाटलेत, हे नंतर सांगा. तेथे काय घेतलेत?

त्या म्हातारीकडे मी पुढे दोन वर्षांनी गेलो. चहा मागून घेतला. तिने साखर जास्त घातली होती.