उपजत म्हणजे काय?

आपल्या समीक्षेने कलावंतांची सोयीस्कर वाटणी केली आहे. नोकरी सांभाळून नाटक करतो तो हौशी; त्याची 'साधना'. तमाशाच्या फडात उभा राहतो तो पोटार्थी. त्याची कला 'उपजत'. उपजत म्हटले की मेहनतीचा प्रश्नच मिटला!

हौशी नट गुणी नसतो असे नाही. राज्य नाट्यस्पर्धेसाठी महिना-दोन महिने तालीम करून तो एका प्रयोगात थक्क करतो. पण ती रात्र त्याने निवडलेली असते. सोंगाड्याला निवड नाही. दसऱ्याच्या सुमारास हंगाम सुरू झाला की रोज नवे गाव. उचल घेतलेली, सुपारी ठरलेली, घसा बसलेला. तरी बतावणीत समोरच्या माणसांचा कल ओळखून संवाद तिथल्या तिथे बांधायचा, रंग उतरू लागला तर सावरायचा. त्याची वाईट रात्रसुद्धा एका पातळीखाली जात नाही. व्यावसायिक म्हणतात तो हा.

विठाबाई नारायणगावकर खेळ चालू असताना बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत कौतुकाने सांगतात. फड थांबला तर किती चुली थांबतात, हा हिशेब त्या कौतुकात कुठे असतो? २००२ साली त्या हलाखीत गेल्या. आता शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते.

माझ्या वर्गातला एक मुलगा ढोलकी सुरेख वाजवतो. कुठे शिकलास, विचारले.

"शिकलो नाही सर. आमच्या रक्तातच आहे."

"वाजवतोस कधीपासून?"

"सहाव्या वर्षापासून. रोज."